कंडक्टरसाहेब

धोंडीराम पांचाळ दोनदा आमदार झाले, शेवटी काही महिने राज्यमंत्रीही होते. पण पालमपासून राणीसावरगावापर्यंत त्यांना कोणी आमदारसाहेब किंवा मंत्रीसाहेब म्हटलेलं मी फारसं ऐकलं नाही. लोक त्यांना कंडक्टरसाहेब म्हणत. विरोधक हे नाव चिडवायला वापरीत, कार्यकर्ते मानानं. त्यांना स्वतःला त्यात काही फरक वाटत नसावा. नुसतं 'साहेब' म्हटलं तर पुष्कळदा त्यांचं लक्षच नसे. 'कंडक्टर' म्हटलं की मान वळायची.

राजकारणात येण्याआधी ते खरोखरच एस.टी.त कंडक्टर होते. पालम-राणीसावरगाव ही त्यांची नेहमीची गाडी. तिथून ते राजकारणात कसे आले, याची गोष्ट आमच्याकडे इतक्यांनी इतक्या परीनं सांगितली आहे, की त्यातला नेमका भाग वेगळा काढणं अवघड. मी ती त्यांच्याच तोंडून एकदा ऐकली. तालुक्यातल्या एका मोठ्या पुढाऱ्याच्या पुतण्यानं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि खाली पान खात उभा राहिला. गाडीत एक अवघडलेली बाई उभी होती. पांचाळांनी रुमाल उचलून वरच्या जाळीत ठेवला आणि बाईला बसवलं. पुतण्या वर आला आणि त्यानं भरल्या गाडीत त्यांच्या कानाखाली मारली.

"मग तुम्ही काय केलं?" मी विचारलं.

"काय करतो? त्याचं तिकीट फाडलं. सुट्टे परत देले. म्हनलो, उभं राहून या."

पुढच्याच पंचायत समितीच्या निवडणुकीत ते नोकरी सोडून त्या पुढाऱ्याच्या माणसाविरुद्ध उभे राहिले. त्यांच्या समाजाची घरं गावात एखाद-दुसरी. सुतारकीची, लोहारकीची. आमच्या भागात मतं कशी मोजतात हे ठाऊक असलेल्या कोणीही त्यांना उभं राहा म्हणून सांगितलं नसतं. पण त्या रस्त्यावरच्या प्रत्येक थांब्यावर त्यांना नावानं ओळखणारी माणसं होती आणि थप्पड काहींनी डोळ्यांनी पाहिली, बाकीच्यांनी ऐकली होती. ते निवडून आले. त्यानंतर जिल्हा परिषद, मग विधानसभा.

मी पंचायत समितीत लिपिक होतो. ते आमदार झाल्यावर त्यांचा स्वीय सहायक म्हणून माझी नेमणूक झाली. पहिल्या दिवशी पालमच्या त्यांच्या घरी गेलो, तर ओसरी भरलेली. ते एका बाजेवर पाय खाली सोडून बसले होते. समोर त्यांचे सख्खे मावसभाऊ. मुलाला आश्रमशाळेत नोकरीला चिकटवून घ्या, असं चाललं होतं. पांचाळांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "होनार न्हाई."

"बघा तरी एकदा."

"बघून बी होनार न्हाई. पोरगं परीक्षेत बसलं न्हाई, मी त्याला कुठून चिकटवू? च्या घ्या."

मावसभाऊ चहा न घेता उठले. मी आमदाराच्या तोंडून असा शब्द पहिल्यांदाच ऐकत होतो. आमच्याकडे पुढारी 'नाही' म्हणत नाहीत. 'करून टाकू', 'फोन लावतो', 'तुम्ही निवांत राहा' असं म्हणतात. माणूस खूश होऊन जातो, पुन्हा येतो, पुन्हा खूश होऊन जातो. त्यातच पाच वर्षं निघतात.

पाहुणे गेल्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमचं नाव काय?"

"मुकुंद."

"मुकुंदराव, एक ध्यानात ठेवा. माझ्या माघारी कुनालाबी हो म्हनायचं न्हाई. गाडी भरली असली की भरली म्हनून सांगावं. मानूस दुसरी गाडी बघतंय. उगं थांब्यावर उभं करून ठेवलं, तर दिवस जातो त्याचा."

हे त्यांचं आवडतं बोलणं होतं आणि ते खरंही होतं. पण इतकी वर्षं जवळून पाहिल्यावर मला असंही वाटतं, की 'नाही' म्हणण्याची त्यांना एक चव लागली होती. 'तोंडावर सांगणारा माणूस' अशी आपली ख्याती आहे, हे त्यांना ठाऊक होतं. काही वेळा थोडी खटपट केली असती तर होण्यासारखी कामंही ते एका शब्दात उडवून लावीत. विहिरीच्या वीजजोडणीसाठी आलेला एक म्हातारा असाच परत गेला होता. दोन फोन केले असते तर त्याचं काम झालं असतं. मी तसं म्हटलं तर चिडले. "मंग तुमीच व्हा की आमदार." दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच फोन फिरवत बसलेले दिसले. ते काम झालं का, मला ठाऊक नाही.

त्यांच्या सवयी सगळ्या गाडीतल्या. जीपमध्ये पुढं बसले तरी ते कधी समोर तोंड करून बसत नसत. पाठ दरवाजाला लावून, एक पाय सीटवर घेऊन मागच्या माणसांकडं वळून बसायचे. माणसांकडं पाठ केली की त्यांना चैन पडत नसे. ड्रायव्हर रहीमभाई वैतागायचे. "साब, जरा सामने मूँ करके बैठो. बिरेक मारा तो काच में जाते तुमे." पांचाळ म्हणायचे, "तुमी समोर बघायलाव न्हवं? बास झालं."

सभेत व्यासपीठावर जाण्याआधी ते मागच्या बाजूनं एक चक्कर मारीत. बाया कुठं बसल्यात, म्हाताऱ्यांना सावली आहे का, पाण्याचा माठ भरला आहे का. मग माईकवरून पहिलं वाक्य ठरलेलं, "पुढं सरका, मागच्याला जागा द्या." भाषण त्यांना येत नसे. पाच मिनिटांत संपायचं. त्यांच्यानंतरचा वक्ता तासभर बोलला, की ते मांडी घालून डोळे मिटून ऐकत. झोपले की काय असं वाटायचं, पण परतताना वक्त्याचं एखादं वाक्य काढून म्हणायचे, "ह्यो गडी खोटं बोलताना आवाज खाली घेतोय, बघितलं का?"

विधानसभेतही ते क्वचितच बोलले. एक प्रसंग मी गॅलरीत बसून पाहिला. परिवहनावर चर्चा होती. नव्या गाड्या, वातानुकूलित गाड्या, असं बरंच बोलून झालं होतं. यांचा नंबर आला. त्यांनी चष्मा लावला, काढला, आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, माझा एकच प्रश्न हाय. खेड्यातल्या थांब्यावर गाडीची वाट बघनाऱ्या बाईमानसानं कुठं जायचं?"

कोणीतरी हसलं. मग आणखी काही जण हसले. पांचाळ उभेच राहिले. पुन्हा बोलले नाहीत, बसलेही नाहीत. हसू हळूहळू थांबलं.

"झालं हसून?" त्यांनी विचारलं. "मंग आता उत्तर द्या."

उत्तर 'स्वच्छतागृहांबाबत सकारात्मक विचार करू' असं आलं. पण बाहेर आल्यावर दोन-तीन महिला आमदार त्यांच्याशी येऊन बोलल्या, त्यातली एक विरोधी पक्षाची. त्यांना फार अवघडल्यासारखं झालं. आमदार निवासातल्या खोलीवर येऊन त्यांनी घरून आणलेली ज्वारीची भाकरी आणि ठेचा काढला आणि खाली मान घालून जेवायला बसले.

त्यांची दुसरी खेप चालू असतानाची गोष्ट आता सांगतो. तिच्यावरच पुढचं सगळं फिरलं.

नदीपलीकडं पिंपळटाकळी नावाचं गाव आहे. लहानसं. पावसाळ्यात नदी भरली की गाव तुटायचं. त्या वर्षी गावातली एक सून बाळंतपणासाठी अडली. पाणी उतरायची वाट बघत तिला बाजेवर घालून नदीकाठी आणलं. पाणी उतरलं तोवर ती आणि मूल दोन्ही गेलं होतं.

पांचाळ मयतीला गेले. लग्नाला एखादवेळी जात नसत, मयतीला मात्र हमखास जात. आम्ही छातीपर्यंत ओसरलेल्या पाण्यातून दोराला धरून पलीकडं गेलो. मयत झालेल्या मुलीची सासू, सोजरबाई, दारात बसली होती. रडत नव्हती. पांचाळ तिच्यासमोर जमिनीवर बसले. मग सोजरबाईनं विचारलं,

"भाऊ, पूल व्हईल का?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. पूल होणार नाही हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. त्या गावाची लोकसंख्या कुठल्याच निकषात बसत नव्हती. प्रस्ताव आधीच परत आला होता. मी त्यांच्या नेहमीच्या शब्दाची वाट पाहत होतो.

"व्हईल," ते म्हणाले.

नदी ओलांडून परत आल्यावर रहीमभाईनं त्यांना अंग पुसायला टॉवेल दिला. तो तसाच हातात धरून ते मला म्हणाले, "मुकुंदराव, मी हो म्हनलो."

"ऐकलं मी."

"आता करावं लागंल."

त्यानंतर दोन वर्षं आम्ही त्या पुलामागं होतो. ज्या माणसानं स्वतःच्या मावसभावासाठी एक शब्द टाकला नाही, तो मंत्र्यांच्या दालनाबाहेर बाकावर बसून राहायचा. कधी खालच्या अधिकाऱ्यांपुढंही हात जोडायचा. त्यांना ते जमत नसे. आर्जव करताना त्यांचा आवाज उगाच मोठा व्हायचा, ऐकणाऱ्याला वाटायचं की हे भांडायला आलेत. प्रत्येक वेळी तेच उत्तर, की एवढ्याशा गावासाठी एवढा मोठा पूल बसत नाही. पुढचा पावसाळा गेला. त्याच्या पुढचा आला. सोजरबाई कधी विचारायला आली नाही. ती आली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

आणि मग सरकार डळमळलं. कोण कुणाकडं जाणार याच्या बातम्या रोज येऊ लागल्या. एका सकाळी त्यांचा फोन लागेना. घरी त्यांच्या पत्नीला, वहिनींनाही काही ठाऊक नव्हतं. दुपारी टीव्हीवर दिसले. परराज्यातल्या कुठल्याशा हॉटेलाच्या दारात, गाडीतून उतरणाऱ्या आमदारांच्या घोळक्यात, सगळ्यांत मागं.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"मुकुंदराव, इथं च्या लय गोड देतात."

"साहेब, इकडं लोक काय म्हणायलेत माहीत आहे का?"

"माहीत हाय. ह्यांनी एकेकाला इचारलं, तुमाला काय पायजे? मी म्हनलो, पूल. हसले. म्हनले, एवढंच? म्हनलो, एवढंच."

"मग?"

"मंग काय. हातावर हात मारला."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. पुलाबरोबर राज्यमंत्रिपदही आलं. ते त्यांनी मागितलं नव्हतं, असं ते म्हणत. मला ते खरं वाटतं. पण नाकारलंही नाही, हेही खरं. शपथविधीला वहिनी नवं लुगडं नेसून आल्या होत्या आणि त्या दिवशीच्या फोटोत पांचाळ हसताना दिसतात.

मंत्री म्हणून ते फार काही करू शकले नाहीत. तेवढे दिवसच नव्हते. मात्र पिंपळटाकळीच्या पुलाला मंजुरी आली, निविदा निघाली, नदीत खड्डे खणले गेले. कामाच्या जागी ते सारखे जात. बंदोबस्ताच्या गाड्या वर उभ्या करून खाली पात्रात उतरत आणि गवंड्याच्या शेजारी उकिडवे बसून सळ्या बांधताना बघत राहत. निवडणूक लागली तेव्हा खांब उभे राहिले होते.

प्रचारात त्यांना गावोगाव 'गद्दार' ऐकावं लागलं. काही ठिकाणी पोरांनी गाडी अडवली. ते खाली उतरून उभे राहत, घोषणा संपेपर्यंत ऐकत आणि पुन्हा गाडीत बसत. उलट बोलत नसत. एकदा मी म्हटलं, पुलाचं तरी सांगा लोकांना. म्हणाले, "ते सांगायचं न्हाई. त्या बाईच्या मरनावर मी मतं मागू का?"

ते पडले. थोड्याथोडक्या नव्हे, चांगल्या फरकानं पडले. मतमोजणीच्या मांडवाबाहेर आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. आमच्या कार्यकर्त्यांतला एक मुलगा आतून बूथनिहाय आकडे आणून देत होता. हरलेला माणूस सहसा एकूण आकडा बघतो आणि उठतो. पांचाळ बसून राहिले. पिंपळटाकळीचा आकडा आला तेव्हा त्यांनी कागद स्वतःच्या हातात घेतला. तिथंही ते मागं होते.

"चुकून दुसऱ्या गावाचा आला का, बघा बरं," त्यांनी त्या मुलाला सांगितलं. तो पुन्हा जाऊन आला. आकडा बरोबर होता.

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी गाडी काढायला सांगितली. पिंपळटाकळीला जायचं म्हणाले. नदी कोरडी होती. पात्रातून चालत गेलो, डोक्यावर अर्धवट पुलाचे खांब. सोजरबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, पाण्याचा तांब्या आणून दिला. पांचाळ पाणी प्यायले आणि त्यांनी सरळ विचारलं,

"मावशी, गावानं मला मत देलं न्हाई. कामून?"

सोजरबाई त्यांच्यासमोर बसली. तिला राग आलेला दिसत नव्हता.

"भाऊ, पूल देला, लय चांगलं केलं. लेकराबाळांचा आशीर्वाद हाय तुमाला. पन आमी ज्या निशानीवर शिक्का मारून तुमाला धाडलं, ती तुमी इकली. आन् कुनी इचारलं की म्हनता, त्या पिंपळटाकळीसाठी केलं. आमच्या सुनेच्या नावानं केलं."

"मी कुनालाबी म्हनलो न्हाई तसं."

"तुमी न्हाई म्हनले, तुमची मानसं म्हनली. साऱ्या तालुक्यात म्हनली. बाजाराला गेलं की लोक आमच्या तोंडाकडं बघतेत, ह्यांच्यामुळं झालं म्हनून. आमाला एक डाव इचारायचं व्हतं. तुमी इचारलं असतं, तर आमी सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतं?"

"ते आता काय सांगू? तव्हा इचारलं असतं तर सांगितलं असतं."

इतक्या वर्षांत मी त्यांना गप्प झालेलं पुष्कळदा पाहिलं होतं, पण ते ठरवून गप्प बसणं असे. हे तसं नव्हतं. त्यांनी दोनदा काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग उठले, तिला नमस्कार केला आणि निघाले. परतताना जीपमध्ये ते सरळ समोर तोंड करून बसले. रहीमभाईनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि गाडी नेहमीपेक्षा हळू चालवली.

माझी नेमणूक संपली होती. मी पंचायत समितीत परतलो. पुलाचं उद्घाटन पुढच्या आमदारांच्या हस्ते झालं. पांचाळांना निमंत्रण होतं की नव्हतं, यावर अजून वाद आहेत. ते गेले नाहीत एवढं खरं. पुढची निवडणूक आली तेव्हा एका पक्षाचे लोक त्यांच्या घरी खेटे घालत होते म्हणतात. ते उभे राहिले नाहीत. पालममध्ये कधी बाजारात दिसत, कधी दवाखान्यात. हृदयाचं काहीतरी निघालं होतं. भेटले की माझ्या मुलांची चौकशी करीत. राजकारणाचा विषय मी काढत नसे आणि ते काढू देत नसत.

सेवानिवृत्त झाल्यानंतरच्या हिवाळ्यात एका सोयरिकीच्या कामासाठी मी पिंपळटाकळीच्या पुढच्या गावाला निघालो होतो. पुलावरून मोटारसायकल घालून गावात शिरलो, तर सोजरबाईच्या अंगणात पांचाळ दिसले. मी थांबलो. ते खाली अंथरलेल्या चवाळ्यावर बसले होते, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. पुढ्यात तुरीच्या शेंगांचा ढीग. सोजरबाई आणि ते दोघं मिळून उकडण्यासाठी भरल्या शेंगा निवडत होते. सोजरबाई आता पार वाकली होती.

"या मुकुंदराव," ते म्हणाले. "बसा."

"नेहमी येता का इकडं?"

"ह्यो?" सोजरबाईच बोलली. "दर पंधरवड्याला येतोय. रिकामा झालाय ना. त्याच्या बायकोनं मला सांगून ठेवलंय, गोळी खाल्ली का इचारत जा म्हनून." मग त्यांच्याकडं वळून, "खाल्लीस का रे?"

पांचाळांनी खिशातून गोळी काढली, तांब्यातल्या पाण्याबरोबर घेतली आणि तिला रिकामं पाकीट दाखवलं.

मी थोडा वेळ बसलो. थट्टेनं म्हटलं, "साहेब, पुढच्या खेपेला उभं राहा की. आता लोकांचा राग निवलाय."

ते शेंगा निवडत राहिले. सोजरबाईनं मान वर केली.

"उभारला तर उभारू दे," ती म्हणाली. "मी काय त्याला मत देनार न्हाई."

पांचाळ मोठ्यानं हसले. इतके, की त्यांना ठसका लागला आणि सोजरबाईला उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला.

"हसतोस काय येड्यावानी," ती म्हणाली. "चूल पेटव. शेंगा खाऊन जा. आन् ह्या मानसाला बी थांबव."

मला पुढं जायचं होतं. वळणावर मागं पाहिलं, तर दोनदा आमदार झालेला तो माणूस चुलीसमोर गुडघ्यांवर बसून फुंकणीनं फुंकत होता आणि धुरानं पाणावलेले डोळे पुसत होता.